घाटमाथ्यावरचा चहा आणि सव्वादोन महिन्यांत गेलेला दुसरा टर्बो

हे प्रकरण माझ्याच गॅरेजमधलं आहे. गाडीमालकाचं नाव, गाव, गाडीची कंपनी यातलं काहीच देत नाही, कारण जे झालं ते कुठल्याही टर्बो डिझेल गाडीत होऊ शकतं आणि कंपनी सांगितली की लोक फक्त तेवढंच लक्षात ठेवतात. मी कराडच्या बाजूला गॅरेज चालवतो, चिपळूण, पाटण, कोयनेकडच्या गाड्या माझ्याकडे नेहमी येतात. हे लिहायचं कारण एकच, एका माणसाचे पैसे दोनदा गेले आणि त्यातला दुसरा खर्च माझ्या हातून टळला असता.

पार्श्वभूमी

गाडी २०१६ ची, बीएस ४ डिझेल, दीड लिटरच्या आतलं इंजिन, ९२ हजार किलोमीटर झालेली. मालक साठीतले, आपण त्यांना काका म्हणू. चिपळूणच्या अलीकडे त्यांची हापूसची बाग आहे आणि मार्च ते मे आठवड्यातून दोनदा कराडला ठरलेल्या गिऱ्हाइकांकडे पेट्या पोचवायच्या असा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. टेम्पो करण्याइतका माल नसतो, म्हणून मागची सीट पाडून बारा-पंधरा पेट्या भरायच्या, पुढे दोघं बसायचे आणि पहाटे निघायचं. म्हणजे गाडीवर माणसं सोडून अडीचशे किलोच्या आसपास वजन.

आता हा रस्ता ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. चिपळूण म्हणजे जवळजवळ समुद्रसपाटी, पोफळी सोडलं की कुंभार्ली घाट सुरू होतो आणि तिथून थेट सह्याद्रीचा माथा. वळणं अशी की स्पीड धरता येत नाही, प्रत्येक वळणाला दुसरा गिअर, मग परत पूर्ण रेस, परत वळण. भरलेल्या छोट्या डिझेल गाडीला हा सगळा घाट टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या, जिवावर चढावा लागतो, टर्बो नसता तर ती गाडी तिथे रडत चढली असती. आणि घाट संपतो तिथे माथ्यावर चहाच्या, वडापावच्या टपऱ्या. गार वारा, खाली धुकं, कोणालाही थांबावंसं वाटणारच.

ही टपरी लक्षात ठेवा.

पहिल्यांदा काय झालं

मार्च २०२२ चा शेवटचा आठवडा, हंगाम नुकताच सुरू झालेला. काकांचा फोन आला की गाडी पिकअप घेत नाहीये, शिट्टीसारखा आवाज येतोय आणि पाटणच्या पुढे मागून निळा धूर निघतोय. मी म्हटलं काका आहे तिथे थांबा, मी टोचन पाठवतो. पण पेट्या पोचवायच्या होत्या, त्यांनी तशीच कराडपर्यंत गाडी आणली.

इथे एक गोष्ट थांबून सांगतो कारण ती जिवाशी संबंधित आहे. डिझेल गाडीच्या टर्बोतून ऑइल आत खेचलं जायला लागलं की इंजिन त्या ऑइलवरच पळू शकतं. डिझेल बंद केलं, चावी फिरवली तरी इंजिन थांबत नाही, उलट रेस वाढत जाते आणि शेवटी ते स्वतःला फोडून घेतं. बऱ्याच नव्या गाड्यांत हवा अडवणारा फ्लॅप असतो पण त्याच्यावर विसंबून राहू नये. निळा धूर आणि पिकअप गायब ही जोडी एकत्र दिसली की गाडी बाजूला घ्यायची आणि बंद करायची, मग मागे आंबे असोत नाहीतर वऱ्हाड.

गाडी आली. स्कॅनर लावला, टर्बोचं प्रेशर कमी पडतंय असा कोड. एअर फिल्टरकडचा होज काढून टर्बोचा पंखा हाताने हलवून बघितला तर त्याच्या दांड्याला, म्हणजे शाफ्टला, चांगलाच प्ले (ढिलेपणा), वर-खालीही आणि आत-बाहेरही. वर-खाली किंचित हलणं नॉर्मल असतं, कारण ऑइलची फिल्म नसताना बुशमध्ये (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळकांड्यात) तेवढी जागा असतेच, पण आत-बाहेर हाताला जाणवला म्हणजे विषय संपला. इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या भागाच्या, पाईपमध्ये ऑइल साचलेलं. टर्बो उघडला, बुश घासलेले, शाफ्ट सायलेन्सरकडच्या टोकाला निळसर-जांभळा पडलेला. दोन्ही बाजूंची हाउसिंग, म्हणजे पंख्यांभोवतीची कवचं, मात्र चांगली होती, पंखा अजून घासला नव्हता.

म्हणून मी मधला कार्ट्रिज, म्हणजे शाफ्ट, बुश आणि पंखे असलेला भाग, तेवढाच बदलायचं ठरवलं. अख्खा नवीन टर्बो आमच्याकडे तेव्हा चाळीस हजाराच्या घरात पडत होता, कार्ट्रिज त्याच्या निम्म्याहूनही कमीत. काकांनाही परवडलं. ऑइल बदललं, फिल्टर बदलला, इंटरकूलर काढून धुवून वाळवला. टर्बोला ऑइल आणणारी जी बारीक लोखंडी नळी असते ती काढली, त्यात तार घातली, तार आरपार गेली, हवा मारली, हवा दुसरीकडून आली, नळी परत बसवली.

तिथे चुकलं. पण ते पुढे.

टर्बोच्या पोटात काय चालतं

हे माहीत असणाऱ्यांनी पुढे गेलं तरी चालेल, पण माहीत नसेल तर बाकीचं प्रकरण नीट कळणार नाही.

टर्बो म्हणजे एका शाफ्टच्या दोन टोकांना दोन पंखे. एका पंख्यावर इंजिनातून निघालेला गरम धूर आदळतो आणि तो फिरतो, त्यामुळे दुसरा पंखा फिरतो आणि इंजिनात हवा दाबून भरतो. छोट्या गाड्यांचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. डिझेल गाडी घाट चढत असताना धुराचं तापमान सातशे-आठशे डिग्रीपर्यंत जातं, पेट्रोल टर्बोत त्याच्याही वर. आणि या सगळ्यात शाफ्टला धरून ठेवतं ते फक्त ऑइल, शाफ्ट बुशमध्ये ऑइलच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगत असतो, लोखंड लोखंडाला लागतच नाही. लागलं की संपलं.

हेच ऑइल आणखी एक काम करतं, मधला भाग थंड ठेवायचं. पुष्कळ पेट्रोल टर्बोंत आणि काही मोठ्या डिझेलमध्ये मधल्या हाउसिंगमधून कूलंटही फिरतो आणि काही गाड्यांत तर इंजिन बंद झाल्यावरही छोटा इलेक्ट्रिक पंप तो फिरवत राहतो. पण आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या डिझेल गाड्यांत पाण्याची लाइन नाही, जे काही थंड करायचं ते ऑइलनेच. काकांची गाडी त्यातलीच.

आता घाट चढून आलात आणि चावी फिरवली की काय होतं बघा. ऑइल पंप इंजिनावर चालतो, तो थांबला. टर्बोत जे थोडंसं ऑइल आहे ते तिथेच उभं राहिलं. पण सायलेन्सरकडचं जाड लोखंडी हाउसिंग अजून रसरशीत तापलेलं आहे, त्याची उष्णता कुठेतरी जाणारच, ती शाफ्टमधून आणि हाउसिंगमधून मधल्या भागात शिरते. म्हणजे बुशजवळचं तापमान गाडी चालवताना जेवढं नव्हतं तेवढं गाडी बंद केल्यावर काही मिनिटांनी होतं. तिथलं ऑइल करपतं. तव्यावर तेल राहिलं आणि गॅस चालू राहिला तर कसा काळा चिकट थर बसतो आणि नंतर तो दगडासारखा होतो, हुबेहूब तसं. एकदा झाल्याने काही होत नाही, पण आठवड्यातून दोनदा, दर हंगामाला, वर्षानुवर्षं झालं की ऑइलच्या वाटा अरुंद होत जातात, आणि मग पुढच्या वेळी घाटात जेव्हा सगळ्यात जास्त ऑइल पाहिजे तेव्हाच ते कमी पडतं.

गाडी परत आली

मेचा शेवट. सव्वादोन महिने आणि साडेपाच हजार किलोमीटर. काकांचा फोन, शेठ परत शिट्टी मारायला लागली. खरं सांगतो, त्या रात्री मला झोप लागली नाही. पैसे घेतलेले, काम आपल्या हाताने केलेलं, आणि माणूस इतका सरळ की एक शब्द उलटा बोलला नाही, फक्त म्हणाला की आता बघा काय ते.

या वेळी पंखा हाउसिंगला घासला होता. बुश पहिल्यापेक्षा वाईट, आणि शाफ्ट परत त्याच टोकाला निळा. ज्याच्याकडून कार्ट्रिज घेतला त्याने फोटो बघितले आणि सांगितलं की ऑइल कमी मिळाल्याची लक्षणं आहेत, वॉरंटीत बसत नाही. मला राग आला, पण खोटं नव्हतं ते. नवीन पार्ट इतक्या लवकर जातो तेव्हा पार्ट खराब होता असं म्हणणं सगळ्यात सोपं असतं, मीही पहिले दोन तास तेच म्हणत होतो.

शोध

मग ठरवलं की आता काहीही बसवायच्या आधी कारण सापडलं पाहिजे, दोन दिवस गाडी उभी राहिली तरी चालेल.

सगळ्यात आधी ती ऑइलची नळी. या वेळी तार वगैरे नाही. नळी सोडवून तिचं टर्बोकडचं टोक बाटलीत सोडलं, इंजेक्टरचे कनेक्टर काढले म्हणजे इंजिन चालू होणार नाही, आणि पंधरा सेकंद सेल्फ मारला. बाटलीत ऑइल आलं, पण बारीक धारेने. मग नवीन नळी मागवली, तीच टेस्ट, तेवढेच पंधरा सेकंद. जुन्या नळीने नवीच्या निम्मंसुद्धा दिलं नव्हतं. मग जुनी नळी ग्राइंडरने उभी चिरली. टर्बोकडच्या टोकाला चार-पाच सेंटिमीटर आतून काळा कडक थर, बोअरवेलच्या पाण्याने नळात क्षार धरतो ना तसा, मधे फक्त एक बारीक भोक उरलेलं. माझी तार त्या भोकातून आरपार गेली होती. तार गेली म्हणजे नळी मोकळी, हा समज मी तेव्हापासून सोडला. बांजो बोल्टच्या, म्हणजे नळी टर्बोला जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या, भोकातही तोच थर.

दुसरं, ऑइल परत आणणारा खालचा पाईप. हा मोकळा होता. पण बघणं गरजेचं असतं, कारण टर्बोमधून ऑइल स्वतःच्या वजनाने खाली येतं, खाली पंप नसतो, तो पाईप तुंबला किंवा इंजिनच्या चेंबरमध्ये (तळाला ऑइल साठतं त्या भागात) गॅसचं प्रेशर वाढलं की चांगल्या टर्बोतूनही ऑइल गळतं. टर्बोचं सील रबराचं नसतं, पिस्टन रिंगसारखी बारीक रिंग असते, ती प्रेशरच्या फरकावर काम करते. कितीतरी टर्बो सील गेलं म्हणून बदलले जातात आणि खरा दोष ब्रीदर, म्हणजे तो गॅस बाहेर सोडणारी वाट, तुंबल्याचा असतो.

तिसरं, चेंबर उघडला. तळाला काळी जेलीसारखी घाण आणि पंपाच्या जाळीवरही थोडी. मग ऑइलचा विषय निघाला. काकांनी सांगितलं की गावात बागेच्या टेम्पोला जे ऑइल घालतात तेच मधे एकदा कारमध्ये घातलं, १५डब्ल्यू-४० साधं, आणि गाडी कमी चालते म्हणून ऑइल बदल पंधरा-सोळा हजारावर. गाडीच्या पुस्तकात १० हजार किंवा वर्ष, जे आधी येईल ते, आणि सिंथेटिक ऑइल. साधं ऑइल सिंथेटिकपेक्षा लवकर करपतं, हे तापणाऱ्या टर्बोसाठी सगळ्यात महत्त्वाचं.

इथपर्यंत मला वाटलं सापडलं. नळी आणि ऑइल. पण एक प्रश्न राहत होता, की नळीत थर फक्त टर्बोकडच्या टोकाला का? बाकी नळी आतून बऱ्यापैकी स्वच्छ होती. नुसतं ऑइल घाण असतं तर सगळीकडे बसायला पाहिजे. थर तिथेच बसला जिथे उष्णता आहे, आणि तो ऑइल वाहत असताना बसत नाही, उभं असताना बसतो.

तेव्हा मी काकांना विचारलं, काका, घाट चढल्यावर गाडी लगेच बंद करता का? ते म्हणाले, नाही हो, मी कधीच नाही, मी तर घाट उतरतानाही हळू. मग त्यांनी सहज पुढचं वाक्य टाकलं, पण हंगामात गाडी मी कुठे चालवतो, पुतण्या चालवतो.

मार्चमध्ये मी गाडी कशी चालवायची याचं पाच मिनिटांचं भाषण दिलं होतं. चुकीच्या माणसाला.

पुतण्याला बोलावलं. पंचवीस-सव्वीसचा पोरगा, गाडी चांगली चालवतो, कष्टाळू. विचारलं, भावा चहाला कुठे थांबतोस? वर, माथ्यावर. थांबलास की काय करतोस? बंद करतो, डिझेल कशाला जाळायचं. त्याचं काही चुकलं नव्हतं, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, उलट घरात लहानपणापासून ऐकलेलं की उभी गाडी चालू ठेवू नये. शेवटच्या वळणावर पूर्ण रेस, पन्नास मीटरवर टपरी, चावी बंद. आठवड्यातून दोनदा.

पर्याय काय होते

या वेळी मी, काका आणि पुतण्या तिघं बसून बोललो.

परत कार्ट्रिज टाकायचा तर आता पंख्याकडचं हाउसिंग घासलेलं होतं, त्यात नवा कार्ट्रिज बसवणं म्हणजे जाणूनबुजून प्रेशर गमावणं. हा पर्याय तिथेच बाद. भंगारातून काढलेला जुना टर्बो स्वस्तात मिळत होता, पण तो कोणाच्या गाडीतून आला, कसा वापरला, आतल्या वाटा किती करपलेल्या, काहीच कळत नाही, आणि ज्या रोगावर आपण इलाज करतोय तोच रोग विकत घेण्यासारखं. काकांचा कल तिकडे होता, हंगामात आधीच खर्च झालेला. मी नाही म्हटलं आणि नव्या टर्बोचा अर्धा खर्च आणि सगळी मजुरी माझ्याकडे घेतली. नळी बदलायची माझी जबाबदारी होती, तेवढं मला पटत होतं.

पुतण्याने मोबाईलवर बघून दोन गोष्टी सुचवल्या. एक टर्बो टायमर, म्हणजे चावी काढली तरी इंजिन ठरलेला वेळ चालू राहतं आणि मग आपोआप बंद होतं. वस्तू वाईट नाही, फक्त ऑइलवर थंड होणाऱ्या जुन्या टर्बोंसाठी लोक वर्षानुवर्षं वापरत आलेत. पण मॅन्युअल गाडी, घाटमाथ्यावर उतारावर उभी, चालू इंजिन आणि आत कोणी नाही, हँडब्रेक नीट ओढला नसेल तर? शिवाय गिअरमध्ये टाकून उभी करायची सवय असेल तर टायमर चालतच नाही. आणि वायरिंग कापायचं. मला नको वाटलं. दुसरं, टर्बोला गुंडाळायचं उष्णतारोधक कापड. ते बॉनेटखालची उष्णता कमी करतं हे खरं, पण उष्णता टर्बोच्या आतच कोंडतं, आणि आपला त्रास नेमका बंद केल्यावर आत शिरणाऱ्या उष्णतेचा. पाण्याची लाइन नसलेल्या टर्बोवर तर मी ते बसवणार नाही.

राहिला शेवटचा पर्याय, काहीही न बसवता सवय बदलायची. ऐकायला हा सगळ्यात हलका वाटतो पण खरं तर हाच अवघड, कारण तो आम्ही नसताना, पहाटे सहाला, थंडीत, चहाची तलफ आलेली असताना पाळायचा असतो.

काय केलं

नवीन टर्बो, नवीन ऑइलची नळी, नवीन बांजो बोल्ट, सगळे तांब्याचे वायसर, परतीच्या पाईपचं गॅस्केट. चेंबर आणि जाळी हाताने साफ केली. इंजिन फ्लशची बाटली मुद्दाम वापरली नाही, कारण इतकी घाण असलेल्या इंजिनात ती एकदम सुटून परत जाळीत किंवा नव्या नळीतच अडकू शकते. त्याऐवजी पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं सिंथेटिक ऑइल घालून पहिला बदल हजार किलोमीटरला, दुसरा आणखी तीन हजाराला केला, म्हणजे घाण हळूहळू निघाली. ऑइल खर्च झालं पण ते टर्बोपेक्षा स्वस्त.

इंटरकूलर आणि सगळे होज परत काढून धुतले. पहिल्या इंजिन स्टार्टआधी टर्बोच्या भोकात हाताने ऑइल ओतलं, पंखा बोटाने फिरवला, आणि इंजेक्टर बंद ठेवून परतीच्या पाईपातून ऑइल येईपर्यंत सेल्फ मारला. नवीन टर्बो कोरडा चालू केला तर पहिल्या काही सेकंदांतच त्याचं आयुष्य कमी होतं, घाईत हे टाळलेलं मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय.

घाटात जाऊन बघितलं

नुसतं सांगून कोणी ऐकत नाही, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात, शेवटशेवटच्या पेट्यांबरोबर मी स्वतः गेलो, तापमान मोजायची गन घेऊन. पुतण्या नेहमीसारखाच चढला. माथ्यावर थांबलो पण इंजिन बंद करू दिलं नाही, बॉनेट उघडून सायलेन्सरकडच्या हाउसिंगवर गन धरली. चारशे तीसच्या आसपास, आणि ही बाहेरची कातडी, आत त्याहून जास्त. स्लोला ठेवून मिनिटाने बघितलं, साधारण तीनशे चाळीस. दोन मिनिटांनी दोनशे ऐंशी. त्यानंतर मात्र आकडा फार सावकाश उतरत होता, म्हणजे दहा-दहा मिनिटं गाडी स्लोला ठेवणारे जे लोक आहेत त्यांना पहिल्या दोन मिनिटांनंतर फार काही मिळत नाही, उलट डिझेलला तेवढा वेळ स्लोला ठेवलं की काजळीच जास्त धरते.

मग पुढच्या खेपेला माथ्यावर थांबलोच नाही. घाट संपल्यावर चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये, पाय हलका ठेवून, हेळवाक ओलांडून कोयनानगरपर्यंत गेलो. थांबल्या थांबल्या गन लावली, दोनशे तीस. म्हणजे उभं राहून दोन मिनिटं थांबण्यापेक्षा काही किलोमीटर हळू चालवणं जास्त कामाचं निघालं, कारण चालत्या गाडीत ऑइल चांगल्या प्रेशरने फिरतं, बॉनेटखाली वारा असतो आणि टर्बोवर लोड जवळजवळ नसतो.

पुतण्याने तो आकडा स्वतः वाचला आणि मला वाटतं माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा त्या आकड्याने काम केलं. त्याने तिथेच एक चांगला प्रश्न विचारला, की मग परत येताना काय? परत येताना रिकामी गाडी, घाट उतरायचा, पाय ॲक्सलरेटरवर नाहीच, इंजिनात डिझेल जात नाही म्हणजे टर्बोला उलट गार हवाच मिळते. पोफळीला उतरून लगेच बंद केली तरी टर्बोला काही होत नाही, तेव्हा तापलेले असतात ते ब्रेक. एकच घाट, पण दोन्ही दिशांचा नियम वेगळा. हेच मुंबईहून पुण्याला बोरघाट चढून लोणावळ्यात खायला थांबणाऱ्यांना लागू, पसरणी घाट चढून पाचगणीत शिरणाऱ्यांना लागू, आंबा घाटाच्या माथ्यावर फोटोला थांबणाऱ्यांना लागू. आणि सपाट हायवेला शंभरच्या स्पीडवरून थेट पेट्रोल पंपावर शिरून बंद करणाऱ्यांनाही, फक्त तिथे तापमान घाटाइतकं नसतं, अर्धा-एक मिनिट पुरतं. रोज गावात, ऑफिसला चालवणाऱ्यांनी मात्र उगाच टेन्शन घेऊ नये, घराच्या गल्लीत शिरून पार्किंगपर्यंत येईस्तोवर टर्बो पुरेसा थंड झालेला असतो.

सकाळचं एक वेगळं सांगितलं त्याला. थंड इंजिन चालू केल्या केल्या रेस मारायची नाही, ऑइल टर्बोपर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो, आणि बागेतून निघतानाची पहिली दोन-तीन किलोमीटर सावकाश. कमी सांगितलं जातं हे, पण झीज तिथेही होते.

निकाल

त्यानंतर २०२३ आणि २०२४ असे दोन पूर्ण हंगाम गेले, गाडीने तीस हजाराच्या वर किलोमीटर केले. दर ऑइल बदलाला, आता आठ हजारावर, मी फिल्टरकडचा होज काढून शाफ्ट हलवून बघतो, आत-बाहेर प्ले नाही. २०२४ चा हंगाम संपल्यावर नळी काढून परत बाटलीची टेस्ट केली, नवीन असताना भरलं होतं जवळपास तेवढंच भरलं. इंटरकूलरच्या पाईपला आतून नुसता ओशटपणा, तेवढा असतोच.

उष्णतेचा वाटा किती, नळीचा किती, ऑइलचा किती असं काट्यावर मोजून सांगता येत नाही. माझा कौल असा, की पहिला टर्बो वर्षानुवर्षांच्या गरम बंद करण्याने आणि साध्या ऑइलने गेला, आणि दुसरा त्या सवयीने मागे ठेवलेल्या तुंबलेल्या नळीने, म्हणजे माझ्यामुळे.

वेगळं काय करता आलं असतं

मार्चमध्येच शाफ्टचा निळा रंग माझ्या समोर होता. मी तो जुना झाला म्हणून निळा पडला असं धरलं. निळा रंग म्हणजे तिथे ऑइल नव्हतं किंवा उष्णता जास्त होती, दोन्हींपैकी काहीतरी, आणि दोन्हींचं कारण टर्बोच्या बाहेर असतं. तिथे थांबून नळी चिरली असती तर काकांचे पुढचे पैसे वाचले असते. आता माझ्या गॅरेजात नियम केलाय, टर्बो किंवा कार्ट्रिज बदलला की ऑइलची नळी आणि बांजो बोल्ट नवीनच, गिऱ्हाईक नको म्हणालं तर काम घेत नाही. जुनी नळी चिरून त्यांच्या हातात देतो.

दुसरं, गाडी कोण चालवतं हे विचारायचं. बिल ज्याच्या नावावर तो माणूस आणि घाटात स्टिअरिंगवर असलेला माणूस एकच असेल असं धरून चालायचं नाही. आता जॉब कार्डवर मी ते वरच लिहितो, आणि त्याच्याखाली आणखी एक ओळ, कुठे थांबता.

तिसरं काकांच्या बाजूचं. निळा धूर दिसल्यावर पाटणपासून गाडी तशीच आणली, त्यात इंजिन गेलं नाही हे नशीब. टोचनाचे पैसे वाचवायचे म्हणून इंजिनाचा जुगार खेळू नये, हे मी त्यांना हात जोडून सांगितलंय. आणि कार्ट्रिज बसवल्यावर पाचशे किलोमीटरला एकदा गाडी दाखवायला बोलवायला पाहिजे होती मी, तेव्हा होज काढून बघितलं असतं तर प्ले वाढताना सापडला असता आणि कदाचित हाउसिंग घासायच्या आधी थांबवता आलं असतं.

जुन्या नळीचे दोन अर्धे तुकडे अजून माझ्या टेबलाच्या खणात आहेत. काकांची गाडी अजून त्याच रस्त्याने येते, आणि पुतण्या आता चहा कोयनानगरला घेतो. माथ्यावरच्या टपरीवाल्याला ते आवडलं नाही म्हणे, तर परत जाताना, रिकाम्या गाडीने, तिथे वडापाव घ्यायचा असं त्याने ठरवलंय.